भीतीचे यंत्र

मनुष्यप्राणी भीतीपासून दूर पळतो, असे आपण सर्वजण गृहीत धरून चालतो. परंतु आपल्या पांढुर्णा-सौंसर भागातील कोणत्याही यात्रेत आकाशपाळण्यापुढे लागलेली रांग पाहिली, की या समजुतीला तडा जातो. वर गेल्यावर डोळे घट्ट मिटून ओरडणारा मुलगा खाली उतरताच पुन्हा तिकिटाच्या खिडकीकडे धाव घेतो. पदरचे पैसे मोजून भीती विकत घेण्याचा हा व्यवहार फार जुना आहे, आणि त्या व्यवहारासाठी माणसाने घडवलेले सर्वांत मोठे यंत्र म्हणजे रोलर कोस्टर. लोखंडी रुळांवरून चढणारी, एकदम कोसळणारी आणि मध्येच प्रवाशांना उलटे टांगणारी ही गाडी आज चित्रफितींमुळे खेड्यातल्या मुलांनाही परिचयाची झाली आहे.

सरलेले २०२५ साल या यंत्राच्या इतिहासात मोठ्या उलथापालथीचे ठरले. फेब्रुवारीत जगातील सर्वांत उंच रोलर कोस्टर स्फोटके लावून पाडण्यात आला. एप्रिलमध्ये आपल्या राजधानीत अशाच एका गाडीवरून पडून एका तरुणीचा अंत झाला. वर्षाच्या अगदी अखेरच्या दिवशी अरबस्तानच्या वाळवंटात पूर्वीचे सारे विक्रम मोडणारे यंत्र खुले झाले. आमच्या वर्गातील मुले या बातम्या घरच्या मोबाइलवर पाहतात आणि दुसऱ्या दिवशी आम्हांला प्रश्न विचारून भंडावून सोडतात. आम्ही कला शाखेचे पदवीधर; यंत्रविद्येशी आमचा संबंध वाचनापुरताच. तथापि विज्ञान शिकवणाऱ्या सहकाऱ्यांना वेळोवेळी त्रास देऊन जे समजून घेतले, ते येथे मांडत आहोत.

या यंत्राचे मूळ रशियात आहे. तेथे कडाक्याच्या हिवाळ्यात उंच लाकडी मांडव उभारून त्यांच्या उतारावर पाणी ओतीत. रात्रीतून त्याचे बर्फ होई, आणि सेंट पीटर्सबर्गचे नागरिक लहान घसरगाड्यांवर बसून भरधाव खाली येत. ही करमणूक पुढे फ्रान्सने उचलली. पॅरिसला बर्फाचा भरवसा नव्हता, म्हणून १८१७ साली तेथे चाकांच्या गाड्या आल्या आणि चाके निसटू नयेत अशी रुळांची रचनाही आली. फ्रेंच भाषेत या खेळाला अजून ‘रशियन डोंगर’ असेच म्हणतात. आमच्या घरची बोली कोकणी. गोव्यातील आमच्या आजोबांच्या पिढीने शाळेत जी पोर्तुगीज गिरवली, तीतही शब्द आहे ‘मोंतान्या रूसा’, म्हणजे पुन्हा रशियन डोंगरच. गंमत अशी, की खुद्द रशियन माणूस त्याला ‘अमेरिकन टेकड्या’ म्हणतो. लेकरू आपले आणि नाव शेजाऱ्याचे, असा हा प्रकार झाला.

अमेरिकेचे नाव त्याला चिकटले तेही उगीच नव्हे, आणि ही हकिकत आपल्याकडील वाचकांना विशेष जवळची वाटेल. परासिया-जुन्नारदेवच्या कोळसा खाणी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिल्या आहेत. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात मॉक चंक नावाच्या गावी अशाच खाणीतील कोळसा डोंगरावरून खाली नेण्यासाठी १८२७ साली रूळ टाकण्यात आले. भरलेल्या गाड्या उतारावरून आपल्याच वजनाने खाली जात. रिकाम्या गाड्या वर ओढून नेण्याचे काम खेचरांचे. ही खेचरे मात्र परतीच्या वेळी डब्यात उभी राहून ऐटीत खाली येत. हे पाहून गावच्या लोकांनाही त्या गाडीत बसावेसे वाटू लागले, आणि कालांतराने कोळसा मागे पडून प्रवाशांचीच गर्दी होऊ लागली. जगातील पहिले शौकीन प्रवासी खेचरे होती असे म्हटले, तर त्यात फारशी अतिशयोक्ती होणार नाही. पुढे १८८४ साली थॉम्पसन नावाच्या गृहस्थाने न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंड येथे केवळ करमणुकीसाठी अशी गाडी उभारली. तिकीट पाच सेंट, वेग ताशी जेमतेम सहा मैल. आज आपली सायकलसुद्धा तिला सहज मागे टाकील. पण तेवढ्यावरही लोक तुटून पडले.

आता यंत्राकडे वळू. विद्यार्थिमित्रहो, पहिली ध्यानात ठेवण्याची गोष्ट ही, की नेहमीच्या रोलर कोस्टरच्या गाडीला इंजिन नसते. पांढुर्ण्याहून इटारसीकडे जाताना धाराखोहच्या घाटात जड गाड्यांना जादा इंजिन जोडतात, हे तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. येथे त्या जादा इंजिनाचे काम रुळांमध्ये फिरणारी एक साखळी करते. ती गाडीला पहिल्या व सर्वांत उंच टेकडीच्या माथ्यावर नेऊन सोडते. तेथून पुढचा सारा प्रवास गुरुत्वाकर्षणाच्या हवाली असतो. वर नेताना साखळीने जी शक्ती खर्च केली, ती गाडीत उंचीच्या रूपाने साठते. उतरताना तिचेच वेगात रूपांतर होते. दुसऱ्या टेकडीवर चढताना वेग पुन्हा उंचीत बदलतो. या देवघेवीत चाकांचे घर्षण आणि वारा आपला वाटा काढून घेतात. म्हणूनच पुढच्या टेकड्या पहिलीपेक्षा ठेंगण्या ठेवाव्या लागतात.

याचा हिशेब नववीचा विद्यार्थीही करू शकेल. उंची मीटरमध्ये घ्या, तिला १९.६ ने गुणा आणि वर्गमूळ काढा. दर सेकंदाचा वेग मीटरमध्ये मिळेल. आपल्या महाराष्ट्रात खोपोलीजवळ इमॅजिका नावाचे मनोरंजन उद्यान २०१३ साली सुरू झाले. तेथील ‘नायट्रो’ या रोलर कोस्टरची उंची सुमारे ४० मीटर आहे. ४० गुणिले १९.६ म्हणजे ७८४. वर्गमूळ बरोबर २८. सेकंदाला २८ मीटर म्हणजे ताशी १०० किलोमीटरहून किंचित अधिक, आणि नायट्रोचा सांगितला जाणारा वेगही त्याच घरातला आहे. या हिशेबात गाडीचे वजन कोठेच येत नाही, हेही पाहण्यासारखे आहे. रिकामी असो वा भरलेली, उताराने द्यायचा वेग बहुतांशी तोच.

परंतु प्रवाशाला भीती वाटते ती वेगाची नव्हे. रेल्वेत ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने जाताना आपण खुशाल शेंगा सोलीत बसतो. भीती वाटते ती वेग आणि दिशा अकस्मात बदलण्याची. गाडी माथ्यावरून एकदम खाली वळते तेव्हा शरीर आधीच्याच दिशेने जाऊ पाहते, बैठक खालून निसटल्यासारखी होते आणि क्षणभर वजन नाहीसे होते. पोटातील अवयवांचा नेहमीचा भार सुटतो. आपली भाषा या अनुभवाला ‘पोटात गोळा येणे’ म्हणते, आणि इतके नेमके वर्णन आम्हांला दुसऱ्या भाषेत आढळलेले नाही. कानाच्या आतील तोल सांभाळणारी इंद्रिये मेंदूला सांगतात, ‘आपण पडत आहोत’. खांद्यावरचा आडणा सांगतो, ‘आपण जागच्या जागी आहोत’. या दोन साक्षींतील विरोध हीच खरी करमणूक.

उलटे होण्याची गोष्ट याहून अवघड आहे. अर्धी भरलेली बादली हाताने झपाट्याने डोक्यावरून फिरवली तर पाणी सांडत नाही, हा प्रयोग तुम्ही अंगणात केला असेल. रोलर कोस्टरचा उलटा फेरा त्याच नियमावर चालतो. १८९५ साली कोनी आयलंडलाच असा पहिला प्रसिद्ध फेरा उभारला गेला, पण तो अगदी वाटोळा होता आणि त्यात बसणाऱ्यांच्या माना दुखावू लागल्या. कारण उघड आहे. वाटोळ्या फेऱ्याच्या माथ्यावर गाडी जेमतेम टिकावी एवढा वेग ठेवायचा म्हटले, तरी तळाशी प्रवाशाला आपले वजन सहापट झाल्यासारखे वाटते. चाळीस किलोच्या मुलाने क्षणभर दोनशे चाळीस किलोचे व्हावे, हे मानेला कसे मानवेल? यावरचा उत्तम तोडगा निघायला पुढे ऐंशी वर्षे लागली. १९७६ साली वर्नर स्टेंगेल या जर्मन अभियंत्याने कॅलिफोर्नियातील एका गाडीसाठी फेरा अश्रूच्या थेंबासारखा आखला: तळाशी पसरट, माथ्यावर आवळलेला. रेल्वेचा रूळ सरळ रेषेतून वळणात हळूहळू शिरतो, त्याच जातीची ही वक्ररेषा आहे. नायट्रो आपल्या प्रवाशांना एका फेरीत पाच वेळा उलटे करतो, आणि तोही पायांखाली तळ नसलेल्या बैठकीत; तरी मान शाबूत राहते, याचे श्रेय या भूमितीला आहे.

गाडी रुळावरून उडत कशी नाही, असा प्रश्न एका मुलीने आम्हांला विचारला होता. प्रश्न मार्मिक आहे. जॉन मिलर या अमेरिकन कारागिराने १९१९ साली रुळाच्या खालच्या बाजूने फिरणाऱ्या चाकांचे पेटंट घेतले. तेव्हापासून गाडीची चाके रुळाला वरून, बाजूने आणि खालून अशी तिन्हीकडून धरून ठेवतात. चढावर जो ‘खट् खट्’ असा आवाज येतो, तोही सुरक्षिततेचाच आहे. गाडीखालचा एक खटका दातेरी पट्टीवरून घसरत जातो. साखळी तुटलीच, तर तो दातात अडकतो आणि गाडी मागे येत नाही. प्रवाशांच्या छातीत धडकी भरवणारा आवाज वस्तुतः त्यांच्या राखणदाराचा असतो.

एवढी पूर्वपीठिका झाल्यावर २०२५ सालच्या घटनांचा अर्थ नीट लागेल. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात ‘किंगडा का’ नावाचा रोलर कोस्टर २००५ सालापासून चालू होता. उंची १३९ मीटर, म्हणजे जवळजवळ दोन कुतुबमिनार. एवढ्या उंचीवर साखळीने नेण्याऐवजी गाडीला जमिनीवरच तेलाच्या दाबाने ढकलून साडेतीन सेकंदांत ताशी २०६ किलोमीटर वेग देत. वरचा हिशेब उलटा करून पाहा: १३९ मीटर चढायला कागदावर ताशी १८८ किलोमीटर पुरेत. वरचे अठरा किलोमीटर म्हणजे वाऱ्याला आणि घर्षणाला भरलेली पट्टी. एखादे दिवशी ही पट्टी कमी पडे आणि गाडी माथ्यापर्यंत न पोचता आल्या वाटेने मागे फिरे. तिला थोपवण्यासाठी खालच्या रुळांतून आपोआप वर येणारे ब्रेक बसवलेले होते. ही यातायात अखेर मालकांना परवडेनाशी झाली असावी. नोव्हेंबर २०२४ मध्ये गाडी बंद केल्याचे जाहीर झाले आणि २८ फेब्रुवारी २०२५ रोजी मनोरा पाडण्यात आला.

विक्रमाची जागा फार काळ रिकामी राहिली नाही. सौदी अरबस्तानात रियाधजवळ किद्दिया येथे ३१ डिसेंबर २०२५ रोजी ‘फाल्कन्स फ्लाइट’ सुरू झाला. वेग ताशी २५० किलोमीटर, रुळांची लांबी चार किलोमीटरहून अधिक. तुवैक डोंगराच्या नैसर्गिक कड्याचाच उतारासाठी उपयोग केलेला आहे, आणि गाडीला वेग देण्याचे काम विद्युतचुंबक करतात. या आधीचा वेगाचा विक्रम अबू धाबीतील ताशी २४० किलोमीटरच्या गाडीचा होता. तीत बसणाऱ्यांना वाळूपासून बचावासाठी चष्मे लावावे लागतात. आमचे मत विचाराल तर अडीचशेचा आकडा मोठा असला, तरी स्टेंगेलच्या थेंबापुढे तो आम्हांला लहानच वाटतो.

भारतातही वर्ष अगदी कोरडे गेले नाही. डिसेंबरमध्ये चेन्नईजवळ वंडरलाचे नवे उद्यान उघडले, आणि नायट्रो घडवणाऱ्या स्विस कारखान्याचाच एक रोलर कोस्टर तेथे आला. आपल्या देशातील हा उद्योग तसा तरुण आहे. दिल्लीचे अप्पू घर १९८४ साली सुरू झाले आणि २००८ साली बंद पडले. मुंबईजवळ गोराईचे एस्सेल वर्ल्ड १९८९ सालचे. होडीतून तेथे जाणे हाच मुलांना अर्धा आनंद असे. अलीकडच्या वर्षांत तेथील पाळणे थांबले आहेत. इमॅजिकाही कर्जाच्या भाराने वाकले होते. २०२२ साली संगमनेरच्या मालपाणी समूहाने ते हाती घेतले. लोखंडाचा डोंगर उभारणे एकवेळ सोपे, पण तो रोज चालवणे खर्चाचे आहे.

आणि हा रोजचा खर्च नेमका कशावर होतो, हे जाणणे पालकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. ३ एप्रिल २०२५ रोजी दिल्लीच्या कापसहेडा भागातील एका उद्यानात २४ वर्षांची तरुणी रोलर कोस्टरवरून खाली पडून मरण पावली. आधाराचा भाग तुटल्याचे वृत्त होते. पोलिसांनी निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवला. त्यापूर्वी जुलै २०१९ मध्ये अहमदाबादेत कांकरिया तलावाजवळ झुलता पाळणा मोडून दोघे दगावले व अनेक जखमी झाले. प्रगत देशही यातून सुटलेले नाहीत. अमेरिकेत ऑरलँडो येथे मे २०२५ मध्ये उघडलेल्या भव्य नव्या उद्यानात सप्टेंबरमध्ये एका प्रवाशाचा रोलर कोस्टरवर जबर इजा होऊन मृत्यू झाला.

चांगल्या उद्यानात दार उघडण्यापूर्वी कामगार रुळांच्या कडेने चालत जाऊन खिळे, सांधे, चाके पाहतात. मग रिकाम्या गाड्या फिरवतात. रेल्वेत एका टप्प्यात एकच गाडी असावी असा जो दंडक आहे, तोच येथे संगणक पाळतो: पुढचा टप्पा मोकळा नसेल तर मागची गाडी ब्रेकवर थांबते. पुष्कळ ठिकाणी ब्रेकही असे असतात, की त्यांना वीज लागत नाही; चुंबकाजवळून धातूची पट्टी गेली, की वेग आपोआप मंदावतो. लोखंड आतून चिरले आहे काय, हे ध्वनिलहरींनी तपासतात. या कामाला टाळ्या पडत नाहीत. ते एक दिवस चुकवले तरी बहुधा काहीच घडत नाही, आणि तेथेच मोह शिरतो.

यात्रेतील पाळण्याची अडचण याहून मोठी आहे. उद्यानातील यंत्र एका जागी पक्क्या पायावर उभे असते. यात्रेतला आकाशपाळणा आज एका गावी, आठ दिवसांनी दुसऱ्या. त्याचा प्रत्येक बोल्ट वर्षातून कितीतरी वेळा खोलला व आवळला जातो, आणि ही उभारणी अनेकदा रात्रीच्या घाईत, नांगरटीच्या मऊ जमिनीवर होते. जुना लाकडी रहाटपाळणा चार माणसे हाताने फिरवीत. तो बिघडला तर त्यांच्या हातांना आधी कळे. आजच्या विजेच्या मोटारीला काही कळत नाही. पाळणेवाले कष्टाळू लोक आहेत, त्यांची रोजीरोटी बुडावी असे आम्हांला मुळीच वाटत नाही. पण परवानगीच्या कागदावर सही करणाराने एकदा पाळण्याखाली वाकून पाहावे, ही अपेक्षा गैरवाजवी नाही.

येथे पांढुर्ण्याच्या वाचकाच्या मनात गोटमार आल्याशिवाय राहणार नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात, आणि पांढुर्णा व सावरगाव या दोन्ही काठांवरून दगडांचा वर्षाव सुरू होतो. दर वर्षी शेकडो जखमी होतात. आजवर अनेकांनी प्राण गमावले आहेत. प्रशासनाने एकदा दगडांऐवजी रबरी चेंडू पुरवून पाहिले, ते लोकांनी मानले नाही. आम्ही बाहेरून येथे आलेले, म्हणून या परंपरेवर बोलताना संकोच वाटतो. तरी हा लेख लिहिताना एक गोष्ट डोळ्यांसमोरून हलत नव्हती: रोलर कोस्टरमध्ये धोका काढून घेऊन भीती तेवढी शिल्लक ठेवलेली असते, नदीच्या पात्रात उतरलेल्या जवान पोरांची भीती गेलेली असते आणि धोका मात्र जसाच्या तसा उरतो.

शाळेच्या सहलीसाठी इमॅजिकाचे नाव निघाले, तेव्हा एका पालकांनी आम्हांला रस्त्यात गाठून विचारले, “सर, पोट्टं पाठवू का नाही, तेवढं सांगा.” आम्ही म्हणालो, “पाठवा. पण गाडीवर चढण्याआधी त्याने काय पाहायचे ते आधी शिकवू.” ते शिक्षण थोडक्यात असे. आडणा खाली आल्यावर तो स्वतः वर उचलून पाहावा. उचलला गेला तर तत्काळ हात वर करून सेवकाला बोलवावे. मोकळे केस, ओढणी, गळ्यातील दोरा आवरून घ्यावा. यात्रेच्या पाळण्यात केस अडकून भयंकर अपघात झालेले आहेत. गाडी पूर्ण थांबेपर्यंत उठू नये. मानेचे, पाठीचे वा हृदयाचे दुखणे असेल तर बसूच नये, आणि मित्रांनी भित्रा म्हटले म्हणून तर कधीच बसू नये.

दारावर उंची मोजण्याची पट्टी असते. आपल्याकडील पाचवी-सहावीच्या पुष्कळ मुलांना ती मोठ्या गाड्यांवर बसू देणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. उंचीची अट वयाचा अपमान करण्यासाठी घातलेली नाही. खांद्यावरचा आणि मांड्यांवरचा आडणा ठराविक मापाच्या शरीरासाठी घडवलेला असतो. लहान चणीचे मूल उलट्या फेऱ्यात त्यातून सरकू शकते. टाचा उंचावून उभे राहणारी मुले तेथील सेवकांना लगेच ओळखू येतात.